वर्षातून एकदाच भरती येणारा किनारा

लोकसभेच्या यादीत महाराष्ट्रातला पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ नंदुरबार. विधानसभेच्या यादीत पहिला अक्कलकुवा. आणि अक्कलकुव्याच्या यादीतले पहिले मतदान केंद्र मणिबेली. निवडणूक आली की या भागातल्या केंद्रांवर जाणारे कर्मचारी यंत्रे, शाई आणि शिक्के घेऊन जीपमधून उतरतात आणि बार्जवर चढतात. कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. पण नंदुरबारला समुद्र नाही. नदीच्या वाटेने मोजला तर तो मणिबेलीपासून दीडशेएक किलोमीटरवर, गुजरातच्या पार टोकाला आहे. तरीही या जिल्ह्याला किनारा आहे, आणि साधासुधा नव्हे. त्याला खाड्या आहेत, भूशिरे आहेत, बेटे आहेत; होड्या, जाळी आणि मासे विकून घर चालवणारी माणसेही आहेत. हा सगळा किनारा आज चाळिशीत असलेल्या माणसापेक्षा वयाने लहान आहे.

क्रूझने फिरणाऱ्या प्रवाशांची एक आवडती चैन असते. मोठे जहाज खोल पाण्यात नांगर टाकून थांबते, लहान बोटी माणसांना एखाद्या चिमुकल्या मच्छीमार गावाच्या धक्क्यावर सोडतात, आणि संध्याकाळपर्यंत ते गाव त्यांचे. फ्रान्सच्या वायव्य टोकाचा ब्रिटनी प्रांत यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या नकाशाकडे पाहिले की जमीन आणि पाणी एकमेकांत घुसलेले दिसतात. हे का झाले, याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळत गेले, पाणी चढत गेले आणि नद्यांच्या दऱ्यांत समुद्र शिरला. जिथे नदी होती तिथे खाडी झाली, दोन दऱ्यांमधली डोंगराची सोंड भूशिर झाली, सुटा माथा बेट झाला. अशा बुडालेल्या दऱ्यांच्या किनाऱ्याला रिया किनारा म्हणतात. आपल्या जयगडच्या आणि विजयदुर्गच्या खाड्या याच जातीच्या.

आता सातपुड्यात या. नर्मदा महाराष्ट्राला फक्त वरच्या कडेला, पन्नासेक किलोमीटर स्पर्श करते, आणि तोही अक्कलकुवा आणि अक्राणी या दोनच तालुक्यांत. इथे ती डोंगरांच्या चिंचोळ्या दरीतून वाहायची. खाली गुजरातेत नवागामजवळ सरदार सरोवर धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवली, पण पाणी महाराष्ट्रात चढू लागले ते नव्वदच्या दशकात. भिंत टप्प्याटप्प्याने वाढली: २००० साली ९० मीटर, २००४ मध्ये ११०.६४, २००६ मध्ये १२१.९२. मग २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदाच पूर्ण पातळीला, समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरवर टेकले. समुद्राला ब्रिटनीच्या दऱ्या बुडवायला हजारो वर्षे लागली. मणिबेलीच्या खालच्या दरीत शंभर मीटरहून जास्त पाणी पंचवीस वर्षांत उभे राहिले. कारण वेगळे, वेग वेगळा, पण आकार हुबेहूब तोच. नर्मदेला मिळणारा प्रत्येक ओढा आता खाडी आहे. उदई नदीच्या तोंडातून पाणी आत शिरते. ज्या टेकडीवर पूर्वी गुरे चरायला चढायची, तिला वळसा घालून होडी जाते.

आणि एक मजा. समुद्राचा किनारा कधीच नेमका आखता येत नाही. लाटा आहेत, भरती आहे, वाळू सरकते. इथे तलाव भरलेला असतो तेव्हा किनारा म्हणजे नकाशावरची समोच्च रेषा असते. शाळेत आपण तपकिरी शाईने ज्या काल्पनिक रेषा गिरवल्या, त्यांतली एक डोंगरावर खरोखर ओढलेली दिसते. ती डोळ्यांनी पाहायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे. रेषेच्या वर हिरवे, रेषेच्या खाली पाणी, मध्ये काहीच नाही.

उन्हाळ्यात गेलात तर दुसरेच दृश्य. पाणी पार खाली गेलेले, आणि दूध आटताना पातेल्याला कडा राहाव्यात तशा मातकट रेषा उतारावर एकाखाली एक. ब्रिटनीत सेंट मालोजवळ समुद्राची भरती-ओहोटी बारा मीटरच्याही वर जाते. जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी ती एक, दिवसातून दोनदा येणारी. नंदुरबारच्या किनाऱ्याची भरती वर्षातून एकदाच येते. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८, वापरासाठी ठरवलेली किमान पातळी ११०.६४, म्हणजे फरक अठ्ठावीस मीटरचा. दरवर्षी पाणी इतके खाली जाते असे नाही. पण त्यातले निम्मे उतरले तरी सेंट मालोची बरोबरी होते. तिथली भरती चंद्र आणतो. इथली भरती मंडला-जबलपूरचा पाऊस आणतो, आणि वरची बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणे ती कधी सोडायची ते ठरवतात. ओहोटी आणतात वीजघरे आणि मुख्य कालवा, जो गुजरातमधून ४५८ किलोमीटर धावत राजस्थानच्या हद्दीपर्यंत जातो. दोन्ही ठिकाणी भरतीतून वीज काढतात, हा योगायोग मला फार आवडतो: सेंट मालोजवळ रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॅटचे भरती-वीजकेंद्र चालते, आणि इथे धरणाच्या पायथ्याला १,२०० व कालव्याच्या तोंडाशी २५० मेगावॅट.

या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, ५७ मध्य प्रदेशाचा, १६ गुजरातचा. तो वाटा ज्यांच्या दरीतून निघाला त्या पाड्यांवर मात्र दिवा लागायला कित्येक वर्षे गेली. अक्राणी तालुक्यातल्या बिलगावने वाट पाहिली नाही. २००३ साली गावकऱ्यांनी, केरळातून आलेल्या अभियंत्यांच्या मदतीने, उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र स्वतःच्या श्रमाने उभारले. 'स्वदेस' चित्रपटातल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे याच गावाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. २००६ च्या पुरात ते केंद्र पाण्याखाली गेले. चित्रपटात एवढे दाखवत नाहीत.

होडीतून उतरल्यावर काय दिसते? धक्का नाही. बंदर नाही, रांगेत लावलेल्या रंगीत घरांची पुढची बाजू नाही, कॉफीचे दुकान तर नाहीच. ब्रिटनीतले मच्छीमार गाव समुद्राकडे तोंड करून वसलेले असते, कारण ते समुद्रासाठीच वसले. इथली गावे डोंगराकडे तोंड करून वसली होती. पाणी नंतर त्यांच्या अंगणात आले. त्यामुळे किनाऱ्यावर गाव सापडत नाही, गावाला चढावे लागते. ऑक्टोबरात पाच मिनिटे. मे महिन्यात तोच चढ सात-आठ मजल्यांचा होऊ शकतो, आणि तोही भेगाळलेल्या गाळातून. माशांची पाटी डोक्यावर घेऊन रोज चढणाऱ्याला भरती-ओहोटीचे कोष्टक पायांतच कळते.

वर घरे एकमेकांपासून लांब लांब. भिल्ल, पावरा, तडवी समाजांची ही वस्ती. प्रत्येक घर आपल्या शेताजवळ, म्हणून एकेका महसुली गावात कितीतरी पाडे. कुडाच्या भिंती, वर कौले, दाराशी महू, आंबा. आंब्याच्या दिवसांत कच्च्या कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळत असतात. धडगावचे आमचूर त्यातूनच होते. जेवायला मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, आणि जाळे लागले असेल तर मासा. पाहुण्याने इथे हॉटेलातल्यासारखी ऑर्डर देऊ नये. सकाळी जाळ्यात काय आले, त्यावर दुपार ठरते.

पाणी उतरले की एक नवी जमीन उघडी पडते. तिला गाळपेर जमीन म्हणतात. ओलावा असतो तोवर तिच्यावर पीक काढून घ्यायचे आणि पुढच्या पावसाआधी मोकळी करायची. धरणांच्या काठी महाराष्ट्रभर हे चालते. एकाच उताराचा एक पट्टा हिवाळ्यात शेत आणि पावसाळ्यात तळ्याचा तळ असतो. जिथे परवा बैल फिरला तिथे चार महिन्यांनी कटला मासा फिरतो, यात मला जगातल्या कुठल्याही बंदरापेक्षा जास्त नवल वाटते.

कटल्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मूळ नर्मदेचा राजा महसीर. मोठमोठ्या सोनेरी खवल्यांचा, ताकदवान, धारेविरुद्ध चढणारा मासा. नदीच्या मासळीत पूर्वी त्याचा मोठा वाटा असे. मध्य प्रदेशाने तर त्याला २०११ मध्ये राज्यमासा केले. पण त्याला अंडी घालायला वाहते, स्वच्छ, भरपूर प्राणवायूचे पाणी आणि तळाला गोटे लागतात. स्थिर तळ्यात त्याचा संसार मांडला जात नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, भरूचकडे, समुद्रातून नदीत चढून येणाऱ्या हिलशाचेही दिवस पालटले. मग तलावात वाढतात कोण? कटला, रोहू, मृगळ. पण गंमत अशी की तेही स्थिर पाण्यात अंडी घालत नाहीत! त्यांना पुराची चाहूल लागावी लागते. तोवर मादीची अंडी पोटातच राहतात.

ही गाठ सोडवली डॉ. हिरालाल चौधरी यांनी, ओडिशात अंगुल इथे, १० जुलै १९५७ रोजी. त्यांनी माशांच्या मेंदूजवळच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क काढून दुसऱ्या माशांना टोचला. पूर न येताच माशाच्या शरीराला पूर आल्याचा निरोप मिळाला आणि बंदिस्त पाण्यात अंडी पडली. १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. आज देशभरच्या धरणांत सोडले जाणारे मासे याच युक्तीने केंद्रांत जन्मतात: आधी मत्स्यजिरे, मग हाताच्या बोटाएवढी झाली की बोटुकली, आणि मग तलाव. ज्या माशांसाठी सातपुड्यातला माणूस पहाटे होडी काढतो, त्यांचा वंश असा टोचणीतून चाललेला आहे.

नवे धरण भरते तेव्हा सुरुवातीची काही वर्षे मासळी उदंड लागते. कारण सरळ आहे. बुडालेले गवत, पालापाचोळा, झाडे कुजतात, त्यातून खत सुटते, सूक्ष्म जीव माजतात आणि मासे पोसले जातात. मग ती शिदोरी संपते आणि उत्पादन खाली बसते. शिवाय डोंगराळ तलाव खोल. सूर्यप्रकाश वरच्या थरापर्यंतच पोहोचतो, आणि उन्हाळ्यात वरचे ऊन पाणी व खालचे गार पाणी एकमेकांत मिसळायला नाखूश असते. माशांचे खाणे ज्या उथळ कडेला उगवायचे, ती कडाच दरवर्षी अनेक मीटर वर-खाली सरकते, तिथे पाणवनस्पती रुजणार कशा? म्हणून विस्तार पाहून मासळीचा अंदाज बांधू नये. सरदार सरोवर २१४ किलोमीटर लांब आहे. पण त्याची सरासरी रुंदी दोन किलोमीटरसुद्धा नाही. आकाराने अजूनही ते नदीच आहे.

जाळे टाकण्याचीही इथे वेगळी अडचण. महाराष्ट्राच्या हद्दीत सुमारे साडेसहा हजार हेक्टर जंगलजमीन या प्रकल्पात गेली. त्यातल्या सागाचे बुंधे पाण्याखाली अजून उभे असतील तर ओढजाळे फाटलेच म्हणून समजा. म्हणून गिलनेट. पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. माशाचे डोके जाळ्याच्या डोळ्यातून आत जाते, अंग जात नाही, आणि मागे फिरताना कल्ले अडकतात. संध्याकाळी लावायचे, पहाटे काढायचे. इथल्या मागच्या पिढ्या मासे पकडत होत्याच, पण वाहत्या नदीत: डोहात, धारेत, बांबूच्या सापळ्यांनी, पायांखाली तळ लागत असताना. शंभर मीटर खोल पाण्यावर होडी स्थिर ठेवणे ही निराळी विद्या, आणि ती एका पिढीत शिकावी लागली. ब्रिटनीत हे ज्ञान आजोबा-पणजोबांकडून आले. इथे मुलाने शिकून बापाला दाखवले असेही घडले असणार. पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या. मासेमारीचा ठेका बाहेरच्याचा की पाणी ज्यांच्या घरावर चढले त्यांचा, हा प्रश्न इथे साहजिकच टोकदार आहे.

तो टोकदार का आहे, हे न सांगता या किनाऱ्याचे कौतुक करणे मला जमणार नाही. महाराष्ट्रातली ३३ गावे या बुडीत क्षेत्रात आली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, डनेल, भुषा, भादल, निमगव्हाण, डोमखेडी ही नावे ऐंशी-नव्वदच्या दशकांत वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना नर्मदा आंदोलनाच्या बातम्यांतून आठवतील. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर १९९४ मध्ये बुडाले; नवे मंदिर गुजरातेत गोरा इथे बांधले. नर्मदेची परिक्रमा करणारे ज्या शूलपाणीच्या झाडीचा धसका घ्यायचे, तिच्यातली काठाकाठाने जाणारी पायवाट पाण्याखाली गेली आणि परिक्रमा वर मोलगी-धडगावच्या अंगाने सरकली. जागतिक बँकेचा या प्रकल्पातला सहभाग १९९३ मध्ये संपला आणि १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना त्या बँकेने पैसे देऊ नयेत अशी मागणी केली, त्या जाहीरनाम्याला नाव मिळाले मणिबेलीचेच. काही कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत गेली. काही डोंगरात वर सरकून राहिली. तीच आज किनाऱ्यावर भेटतात.

त्यांच्यासाठी होडी ही एसटी आहे. पूर्वी उन्हाळ्यात नदी ओलांडून पलीकडच्या सोयऱ्यांकडे पायी जाता यायचे. आता मध्ये तलाव आहे. याच पाण्यावर बोटीतला तरंगता दवाखाना फिरतो. नर्मदा बचाव आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांपैकी पहिल्या शाळा याच काठावर, चिमलखेडी आणि निमगव्हाणला सुरू झाल्या. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने माणसे अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि अलीगाट, दादर या पाड्यांपर्यंत अठरा किलोमीटर वल्हवत जाऊन बाळांची वजने केली, गरोदर बायकांना आहार पोचवला. पाणी शांत दिसले तरी ते गरीब नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भुषा इथे नदीच्या पूजेला निघालेली बोट उलटली आणि माणसे बुडाली. त्यांत मुले होती. जायचे तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय बोटीत टाकू नये आणि बोटीत किती माणसे बसली ते स्वतः मोजावे.

नंदुरबारचा आणखी एक असाच किनारा दक्षिणेला, नवापूरच्या बाजूला आहे. तापीवरचे उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, त्याचा फुगवटा जिल्ह्यात शिरतो. तिथली जमीन सपाट, काठ पसरट, त्यामुळे तिथे खाड्या-भूशिरांचा हा थाट नाही. दिवस एकच असेल तर मी नर्मदेकडे जाईन.

क्रूझ म्हणाल तर ती भिंतीच्या पलीकडे आहेच. धरणाच्या खालच्या अंगाला, १८२ मीटरच्या एकता पुतळ्यापाशी, २०२० पासून एकता क्रूझ फिरते. तिच्या डेकवरच्या पर्यटकाला कल्पना नसते की भिंतीच्या मागे, सुमारे शंभर मीटर उंचावर, दुसरे पाणी आहे आणि त्याच्या काठावर महाराष्ट्राचे पहिले गाव. आता वरच्या पाण्यावरही, मध्य प्रदेशातल्या कुक्षीजवळच्या मेघनाद घाटावरून पुतळ्याच्या दिशेने क्रूझ नेण्याची योजना जाहीर झाली आहे. बोट भिंत ओलांडू शकत नाही, तेव्हा शेवटचा टप्पा गाडीनेच करावा लागेल. पण त्याआधीचा बराचसा प्रवास अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या किनाऱ्यासमोरून होईल. तिथे थांबा द्यायचा झाला तर पक्क्या धक्क्याचा उपयोग नाही. ऑक्टोबरात तो पाण्याखाली जाईल किंवा मे महिन्यात हवेत लटकेल. जेट्टी तरंगती हवी, पातळीबरोबर वर-खाली सरकणारी, आणि तिच्यापासून गावापर्यंतचा रस्ता दर महिन्याला लांबी बदलणारा. सुकाणूवर माणूसही इथलाच हवा, कारण बुडालेले साग कुठे उभे आहेत हे जाळी फाडून घेत शिकलेला तोच आहे. तिकिटाच्या पैशातला किती हिस्सा त्याच्या हातात पडेल, ते मात्र करारात आधी लिहून घ्यावे.